मॅग्नमचा मोह

पबजी किंवा २०२१ नंतर आलेलं बीजीएमआय खेळलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात भारी बंदूक कोणती? उत्तर एकच येतं, ‘ए डब्ल्यू एम’. ती सहसा कुठल्या घरात पडलेली सापडत नाही, विमानातून टाकलेल्या पेटीतच मिळते, आणि मिळाली की पोरं अख्ख्या ग्रुपला ओरडून सांगतात. तीन नंबरचं हेल्मेट घातलेला गडीसुद्धा डोक्यात एक गोळी बसली की आडवा! या नावातला शेवटचा ‘एम’ म्हणजे मॅग्नम. आमच्या वालचंदनगर-इंदापूर पट्ट्यात ज्यांनी जन्मात खरी रायफल हातात धरली नाही अशा पोरांनाही हा शब्द पाठ आहे. मॅग्नम म्हणजे लांबचा पल्ला, मॅग्नम म्हणजे जोर, मॅग्नम म्हणजे एका गोळीत काम तमाम.

खेळात ते खरंच आहे. खेळात खांदा दुखत नाही, नळी झिजत नाही, काडतुसाचे पैसे पडत नाहीत आणि हुकलेली गोळी कुठं जाऊन पडली हे विचारायला पोलीस येत नाहीत. खऱ्या मॅग्नमचा इतिहास मात्र वाचायला घेतला की मजा येते, कारण त्याच्या मुळाशी ‘लांब पल्ला’ जेवढा आहे त्याहून जास्त आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडचे कायदे आहेत.

आधी शब्दाचं बघू. मॅग्नम हा शब्द मुळात बंदुकीचा नाहीच, दारूचा आहे. (पिण्याच्या.) नेहमीच्या पाऊण लिटरऐवजी दीड लिटरची शॅम्पेनची बाटली म्हणजे मॅग्नम. इंग्रज बंदूकवाल्यांनी तो शब्द उचलला आणि नेहमीपेक्षा मोठी पितळी पुंगळी असलेल्या काडतुसाला लावला. म्हणजे दोन्हीकडे हिशोब दारूचाच, फक्त दारू वेगळी.

आता ही पुंगळी मोठी का करावी लागली? जास्त जोर पाहिजे म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर कॉर्डाइटमध्ये आहे. १८९१ च्या सुमारास ब्रिटिशांनी काळी दारू सोडून कॉर्डाइट नावाची धूर न होणारी दारू वापरायला घेतली. ती शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात असायची. ताकद भरपूर, पण एक खोड होती. हवा तापली की तिचा दाब वाढायचा. इंग्लंडच्या थंडीत तपासलेलं काडतूस आपल्याकडच्या मे महिन्यात उडवलं की आतला दाब अपेक्षेपेक्षा कितीतरी वर जायचा.

वालचंदनगरच्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. आमच्या गावच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटरची केसिंग बनतात. काडतुसाची पुंगळी म्हणजे त्याच गोष्टीचं बोटभर रूप, आत जळणारं इंधन आणि बाहेर दाब पेलणारं धातूचं कवच. साखर कारखान्याचा बॉयलर जुना असेल तर ४५ बारच्या आसपास चालतो, वीजनिर्मितीचा नवा असेल तर शंभराच्या पुढे. आधुनिक मॅग्नम काडतुसात हाच दाब क्षणभरासाठी ४,००० बारच्या वर जातो! पितळ फुगतं, नळीच्या भिंतीला चिकटून वायू अडवतं आणि दाब उतरला की थोडंसं आकसून सुटं होतं. दाब प्रमाणाबाहेर गेला तर ते आकसत नाही, तिथंच अडकून बसतं. समोर जखमी वाघ, आणि रायफलीत अडकलेली पुंगळी. यावरचा सरळ उपाय म्हणजे जागा वाढवा, दाब कमी ठेवा. म्हणून १९११ साली जॉन रिग्बीच्या कंपनीने काढलेल्या .४१६ काडतुसाची पुंगळी एवढी ढब्बू आहे. उष्ण मुलुखात दाब आटोक्यात राहावा म्हणून केलेली ती मोकळी जागा होती. ही .४१६ ची पुंगळी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

दुसरा कारागीर कायदा. १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली. कारण मोठ्या शिकारीच्या .४५० काडतुसातल्या गोळ्या काढून त्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये वापरता येतील आणि बंडखोरांचं फावेल, अशी धास्ती होती. झालं! इंग्लंडमधल्या यच्चयावत बंदूकवाल्यांची पळापळ. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक. मग कुणी .४६५, कुणी .४७०, कुणी .४७५, कुणी .४७६ अशी काडतुसं पुढे केली. या आकड्यांमागे काहीतरी खोल शास्त्र असेल असं वाटतं, पण खरं कारण एवढंच की ते ४५० नव्हते. आपल्याकडची .३१५ रायफल हाही त्यातलाच प्रकार. लष्कराचं .३०३ सामान्य माणसाला बंद, म्हणून जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर काडतुसावर बेतलेलं .३१५ आलं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच्या रायफली बनवल्या आणि गावोगावच्या परवानेवाल्यांकडे त्या पोचल्या.

खरा ‘मॅग्नम’ म्हणून जगभर गाजला तो हॉलंड अँड हॉलंड कंपनीचा .३७५, सन १९१२. एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण ७७० मीटर वेग. या काडतुसाच्या बुडाशी पितळेचा एक जाड पट्टा आहे. पुंगळी लांब आणि निमुळती, खांद्याचा उतार नावाला. त्यामुळे नळीत ती नेमकी किती खोल बसायची ते ठरवायला हा पट्टा लागायचा. ठीक. पण नंतर अमेरिकेत .४५८ (१९५६), .३३८ (१९५८), ७ मिलिमीटर रेमिंग्टन (१९६२), .३०० विंचेस्टर (१९६३) अशी मॅग्नमची रांगच लागली. यातल्या बहुतेकांच्या पुंगळीला चांगला ठसठशीत खांदा आहे, पट्ट्याची गरज नाही, तरी पट्टा आहेच. का? तर गिऱ्हाइकाच्या डोक्यात पट्टा म्हणजे मॅग्नम असं बसलं होतं. आमच्या धंद्यात याला लीगसी कोड म्हणतात. काय करतं कुणाला माहीत नाही, काढायची हिंमत कुणाची नाही. :)

पण आपल्याकडच्या शिकारीत एवढा पल्ला लागायचा कुठं? वाघाची शिकार म्हणजे मचाण आणि हाका. हाकारे डबे वाजवत जनावर पुढे रेटणार आणि ते मचाणापासून तीस-चाळीस पावलांवर आलं की बार काढायचा. तिथं जोर हवा हे कबूल, लांब पल्ला काय कामाचा? जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ च्या मे महिन्यात मारला तो आंब्याच्या झाडावर बसून, टॉर्चच्या उजेडात, झाडाखाली बांधलेल्या बकरीपाशी. रायफल .२७५ रिग्बीची, म्हणजे आकाराने चारचौघांसारखं ७ मिलिमीटरचं मॉझर काडतूस. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या शिकाऱ्याने हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच काडतुसाने. (हे काही कौतुकाने सांगत नाहीये, हजार हत्ती म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.) दोघांचीही मदार काडतुसाच्या आकारावर नव्हती, जवळ जाण्यावर आणि गोळी नेमकी बसण्यावर होती.

लांब पल्ल्याची ओढ खरी लागते ती आमच्यासारख्या उघड्या माळावर. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी किंवा बारामतीकडचं सुपं बघा. गुडघ्याएवढं गवत, मधूनच एखादी बाभळ, आणि चिंकारा दिसतो तोच दूरवर, मान वर करून तुमच्याकडे बघत. जवळ जायला आडोसाच नाही. जुन्या काळी यावर कोल्हापूर संस्थानाचा तोडगा म्हणजे पाळीव चित्ते. काळविटाच्या कळपाजवळ गाडीतून न्यायचे, टोपी काढायची आणि सोडायचे. पुढची दोन-तीनशे मीटरची धाव चित्त्याची. त्यात जमलं तर जमलं, नाही तर हरीण सुटलं.

स्वातंत्र्यानंतर चित्त्याच्या जागी जीप आली, रात्रीचा झोतदिवा आला आणि लांब मारणाऱ्या रायफली आल्या. माळावरच्या हरणांचं पुढे देशभर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, ते खास चिंकाऱ्यासाठी. क्षेत्रफळ अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस धरला तर एक बाजू सव्वादोन किलोमीटर. आजच्या .३३८ मॅग्नमची गोळी जरा वर तोंड करून सुटली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे आख्खं अभयारण्य ओलांडून पलीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वस्तीवर.

आणि चिंकारा केवढा? वीस-पंचवीस किलो. गोळी जिथं लागायला पाहिजे ती छातीतली जागा वीतभरसुद्धा नाही. तीनशे मीटरवरून चार बोटं इकडेतिकडे झाली की पाय मोडलेलं जनावर माळ ओलांडून जातं आणि तीनशे मीटर चालत जाऊन त्याचा माग काढणार कोण? जवळ जावं लागण्यात जनावराला जी एक संधी होती ती लांब पल्ल्याने काढून घेतली. मला मॅग्नमचा सगळ्यात मोठा दोष हाच वाटतो. खांदा, पैसा वगैरे त्याच्या नंतर.

अर्थात नंतरचेही दोष काही कमी नाहीत. थोडे आकडे बघूच, त्याशिवाय इंजिनियरला चैन पडत नाही. जुनं .३०-०६ आणि मॅग्नम .३०० विंचेस्टर, दोन्हींची गोळी तीच, ११.७ ग्रॅम. मॅग्नममध्ये दारू साधारण पाव पट जास्त जळते. वेग किती वाढतो? सेकंदाला सुमारे ८२० मीटरचा ९०० होतो, म्हणजे दहा टक्के. तीनशे यार्डांवर गोळी खाली येण्यात पडणारा फरक दोन इंचांच्याही आत. उलट खांद्यावर बसणारा दणका तीस टक्के किंवा त्याहून जास्त वाढतो, कारण बंदूक मागे येते ती संवेगामुळे आणि त्या धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गात जाते. बारावीचं फिजिक्स आहे हो! शिवाय तेवढ्याच जाडीच्या नळीतून जास्त जळजळीत वायू जातो, म्हणून मॅग्नमची नळी दीड-दोन हजार बारांत अचूकता सोडायला लागते. साध्या ७.६२ ची याच्या दुप्पट-तिप्पट सहज चालते.

आणि माणूस. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला .२२ ने गोळ्या झाडल्या होत्या, तिचा धक्का कळतही नाही. त्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आत. .३०३ ची तीन हजारांच्या वर, .३७५ ची पावणेसहा हजार, .३३८ लापुआची साडेसहा हजार. एकदा खांद्यावर जोरात बसली की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच शरीर बिचकतं, डोळे मिटतात, नळी हलते. मग कागदावर एक किलोमीटर जाणारी गोळी शंभर मीटरवरच्या पाटीलाही लागत नाही. ज्याला साधी रायफल नीट जमते त्याला मॅग्नमचा फायदा, आणि ज्याला साधी जमत नाही तो मॅग्नम विकत घेतो.

लष्करांनाही हा मोह सुटलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या .३०३ ली-एनफिल्डला बाजूला एक वेगळी तबकडी असायची, तब्बल २,८०० यार्डांपर्यंत नेम लावायची! अडीच किलोमीटरवर एकटा शिपाई काय मारणार? कल्पना अशी की पलटणीने मिळून लांबवरच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा. मशीनगन आणि खंदक आले आणि युद्ध चालू असतानाच ती तबकडी नव्या रायफलींवरून गायब झाली. सातारा-पुण्याकडची मराठा पलटणीतली पोरं मेसोपोटेमियात लढली ती याच .३०३ वर.

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. बहुतेक लढती तीनशे मीटरच्या आतच होतात म्हणून जगभर काडतुसं लहान झाली. आपली इन्सास पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीईची, काडतूस ५.५६. वजन बारा ग्रॅम, जुन्या ७.६२ च्या निम्मं, म्हणजे त्याच ओझ्यात दुप्पट काडतुसं. १९९९ ला कारगिलमध्ये ती होती. मग पुन्हा तक्रार सुरू झाली की गोळीत दम नाही, आणि २०१९ मध्ये सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या, त्या परत ७.६२ च्या. माझं मत विचाराल तर ही भांडणं कधीच मिटणार नाहीत. वजन आणि जोर एकाच खिशातून जातात.

मात्र एक जागा अशी आहे जिथं मॅग्नमला पर्याय नाही. नियंत्रण रेषेवर या डोंगरावर आपली चौकी, त्या डोंगरावर त्यांची, मध्ये दरी. चित्ता सोडता येत नाही आणि जवळही जाता येत नाही. आपल्या स्नायपरांकडे पिढ्यानपिढ्या होती ती रशियन ड्रॅगुनोव्ह, आठशे मीटरच्या आसपास हात टेकणारी. २०१८ मध्ये पलीकडून स्नायपरचे हल्ले वाढले आणि २०१९ पासून बरेटाची .३३८ लापुआ मॅग्नम आणि बॅरेटची .५० अशा रायफली तिकडे गेल्या, २०२२ मध्ये फिनलंडच्या साको कंपनीची .३३८ ची रायफल आली. आता ते .४१६ रिग्बी आठवा. १९८० च्या दशकात लांब मारणारं नवं लष्करी काडतूस करायचं ठरलं तेव्हा पुंगळी घेतली ती त्याचीच, तोंड आवळून .३३८ केलेली. ती मूळची कमी दाबाची, नव्या दाबाला टिकेना, म्हणून फिनलंडच्या लापुआ कंपनीने पितळ मजबूत करून ती नव्याने घडवली. म्हणजे उन्हाळ्याच्या भीतीने फुगवलेली पुंगळी आज काश्मीरच्या बर्फात कामाला आली आहे.

तिथंही ती जादूची कांडी नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा नऊशे मीटरवर ७.६२ च्या गोळीला सव्वादोन मीटर ढकलतो, .३३८ ला दीड मीटर. फायदा मोठा आहे, पण दीड मीटर म्हणजेही माणूस सोडून त्याच्या शेजारची भिंत. म्हणून स्नायपरच्या बाजूला दुर्बीण आणि वाऱ्याचा हिशोब घेऊन दुसरा माणूस बसलेला असतो. ब्रिटिश स्नायपर क्रेग हॅरिसनने नोव्हेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात २,४७५ मीटरवरून .३३८ ने दोघांना टिपलं, हा त्या वेळचा विक्रम. त्याची गोष्ट सांगताना लोक एक तपशील गाळतात. अंतर आणि वारा जुळवायला आधी नऊएक गोळ्या झाडाव्या लागल्या होत्या. एकेक गोळी पोचायला जवळपास सहा सेकंद, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस नुसता उठून उभा राहिला तरी खेळ संपला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यातलं शिरूर. तिथल्या पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याने तीन जीव घेतले, त्यात दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, अखेर नेमबाजांनी त्या बिबट्याला रात्री गोळी घालून मारलं. तेव्हापासून आमच्याकडेही गप्पांमध्ये एक सूर ऐकू येतो, शेतकऱ्याला चांगली लांब पल्ल्याची रायफल द्या. ज्याच्या घरातलं पोर गेलं त्याचा संताप मला कळतो. पण बिबट्या राहतो उसात. डिसेंबरातला बारा फुटी ऊस, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, रात्रीचं पाणी द्यायला गेलेला माणूस एका सरीत, तोडणीवाल्यांच्या कोप्या फडाच्या कडेला, पलीकडे वस्ती, तिच्यापलीकडे दुसरी. तिथं पल्ला टॉर्चच्या उजेडाएवढाच. आणि मॅग्नमची गोळी उसाच्या चार कांड्यांनी वाकडी होईल कदाचित, थांबणार मात्र नाही. तिथं पिंजरा लागतो, दिवसा वीज लागते, आणि वेळ आलीच तर कॉर्बेटसारखा जवळून मारणारा माणूस लागतो.

जुन्या घराण्यांतल्या मॅग्नम रायफलींचं काय झालं म्हणाल, तर त्यांनाही शेवटी कायद्यानेच गाठलं. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. समजा एखाद्या वाड्यात बारा बोअरची बंदूक, .३१५ रायफल आणि आजोबांची .३७५ आहे. पहिल्या दोन्हींची काडतुसं आपल्याकडच्या कारखान्यात बनतात. .३७५ ची बाहेरून आणायची, ती मिळाली तर मिळाली, आणि भाव विचारायची सोय नाही. शिकार तर १९७२ पासून नाहीच. तिसरी म्हणून जमा करायला कोणती काढून ठेवली असेल, हे सांगायला नको.